नव्या ज्वारीसाठी थांबलेली पंगत

सुमनताईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते कापसाच्या तुसांमधून. नालवाडीजवळच्या आमच्या विणकाम केंद्रात सकाळचं ऊन तिरपं येई, त्यात तुसं तरंगत, आणि हातमागांच्या खटखटीतून केंद्रप्रमुख ताई पांढऱ्या लुगड्यात चालत येत. कारंज्याकडच्या रानातून आलेली मी तिथली एकटीच गोंड मुलगी. मला वाटलं, आपण अजून जागेच झालो नाही.

केंद्रात सगळ्यांचा स्वयंपाक एक, पंगत एक, आणि ताटात काही टाकायचं नाही. या गोष्टीचा सगळ्यांना केवढा अभिमान! दिवाळीनंतर नव्या ज्वारीची भाकरी वाढली गेली आणि मी हात मागे घेतला. आमच्यात नवं धान्य आधी पूर्वजांपुढे ठेवतात, तेच आमचे देव; तोवर तोंडात घालत नाहीत. घरून तसं ठेवल्याचा निरोप आला नव्हता. "पोरीला माज आलाय, परत धाडा," असं काही मंडळी म्हणू लागली. परत गेले असते तर माग कायमचा सुटला असता.

ताईंनी मला धाडू दिलं नाही. कारण मी फक्त स्वयंपाकिणीला सांगितलं होतं; तिच्याकडून ते कळताच त्यांनी माझ्यासाठी जुन्या ज्वारीची भाकरी करवली आणि कोपऱ्यात वेगळा पाट मांडला. केलं ते मायेनंच, पण तो पाट मला फार लागला.

दुपारी माग थांबले, तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या.

"काऊन रडून राह्यली? भाकर तं भेटली ना तुले?"

"भाकर भेटली, ताई. पंगत गेली."

त्यांनी हातातला मागाचा धोटा खाली ठेवला. "मी तुले इचारलंच नाई," त्या म्हणाल्या. "आता तूच सांग, काय करू?"

"मले सगळ्यांत बसू द्या. तुम्ही नवी खा, मी जुनी खातो."

त्या संध्याकाळी मी पंगतीत होते. शेजारी ताई होत्या, आणि त्यांच्याही ताटात जुन्या ज्वारीची भाकरी होती.

पुढच्या वर्षी नवी ज्वारी आली, तरी ताईंनी पोती उघडू दिली नाहीत. "इच्या घरचा निरोप येऊ द्या." काहींनी तोंडं वाकडी केली, पण थांबले सगळेच. एका सकाळी धुक्यातून माझे बाबा आले आणि दारातूनच म्हणाले, "देवाले दाखवलं जी. खा आता." त्या भाकरीची वाफ मला अजून स्वप्नात दिसते.

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. आता आमच्या रानातल्या आणखीही मुली इथे विणतात. नवी कुणी आली की ताई आधी तिच्याशेजारी बसतात आणि विचारतात. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य मिळो, आणि दरवर्षीची नवी भाकरी आम्हाला त्यांच्यासोबत मोडायला मिळो.

बाबा आता थकले आहेत. नवं धान्य ठेवताना ते घरच्या एकेका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी आयुष्य मागतात. यंदा मी कान देऊन ऐकलं. माझ्या नावाच्या आधी त्यांनी ताईंचं नाव घेतलं.