आबांनी वळवलेल्या चपला

इरा, नीहार,

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. उमरग्याच्या शाळेत तीस वर्षं सायन्स शिकवलं मी. तरी हे फेसबुकवर सगळ्यांसमोर लिहितेय... कुणाला कारण सुचलं तर हवंच आहे.

मागच्या वर्षी जपानला आले, तेव्हा तुमच्या बाबानं कायमचं तिकडंच राहायचा आग्रह धरला. मी नाही म्हटलं. तुमच्या आबांना इथं एकटं टाकून कशी येऊ? ते जाऊन तीन वर्षं झाली होती, पण मनात तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला घराजवळच्या शिंतो देवळात नेलंत. मागे फुजी पर्वताच्या काळ्या दगडांची टेकडी — जेमतेम दोन मजली. ज्यांना फुजी चढवत नाही त्यांनी ही चढावी, तेवढंच पुण्य, असं इरानं सांगितलं. मी सवयीनं पायथ्याशी चपला काढल्या.

"आजी, इथं कुणीच काढत नाही," नीहार ओशाळून म्हणाला.

तुम्ही दोघं माझे हात धरून वर आलात. खाली चिटपाखरू नव्हतं. उतरलो, तर चपलांची टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली. मी टेकडीकडे तोंड करून काढल्या होत्या, पक्कं आठवतं.

हे आबा करायचे. माझे गुडघे दुखतात म्हणून प्रत्येक देवळातून आधी उतरायचे, माझ्या चपला वळवून ठेवायचे आणि म्हणायचे, "सरकव पाय." तुम्हाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

परत आल्यावर मी आपल्या महादेवाच्या टेकडीवर गेले. शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर जाणारी कावड इथूनच निघते. ज्यांना तिकडं जाणं होत नाही ते इथंच पाणी घालतात. आबा दर सोमवारी मला न्यायचे. पायथ्याशी चपला काढून मी मोबाइलवर फोटो घेतला. घरकामाला येणारी सरूबाई सोबत होती.

"बाई, चपलांचा फोटू? चोर बी लाजंल."

"तू चल वर," मी म्हटलं.

उतरलो. चपला फोटोत होत्या तशाच. पुढच्या सोमवारी तशाच. त्याच्या पुढच्याही.

शेवटी सरूबाईला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "आबा इथं न्हायत, बाई. लेकरांकडं गेले असतील. लई जीव हुता."

मला हे पटत नाही. दुसरंही काही पटत नाही. तुमच्या बाबानं पाठवलेला व्हिसाचा फॉर्म टेबलावर तसाच आहे — अर्धा भरलेला.

नीहार, एकदा तिकडच्या टेकडीशी बूट काढून वर जाशील? तोंड टेकडीकडे ठेव. आधी फोटो काढ. आणि काय दिसलं ते मला खरंखरं कळव.