गच्चीवरच्या आठ बाटल्या

माझ्या नोकरीतल्या मोठ्या गुन्ह्यांमध्ये ही घटना बसत नाही, तरी ती दुपार मला जशीच्या तशी आठवते. मे महिना, वेळ तीनच्या पुढची. हर्सूल कारागृहामागच्या वसाहतीतून एका बाईंनी नियंत्रण कक्षाला कळवलं की शेजारच्या गच्चीवरून गोळीबार झाला, पाच फैरी. कारागृहाच्या आसपास साधा फटाका वाजला तरी आम्हाला धावावं लागतं. दोन गाड्या निघाल्या, आम्ही सात जण. पिस्तूल हातात घेऊन जिना मी पुढे चढलो.

गच्चीवर कुणी नव्हतं. गोणपाटावर काळसर काचा पसरल्या होत्या, फेस सुकून चिकट झाला होता आणि दोन बाटल्या अखंड उभ्या होत्या. त्यांच्यावर धुतलेलं पांढरं फडकं घातलेलं होतं. माझ्याबरोबरच्या हवालदारांनी वाकून वास घेतला, दारूचा आणि आंबलेल्या पिठाचा. म्हणाले, “साहेब, पिस्तूल ठेवा आत. इथं बेकरी फुटलीय.”

कठड्यापलीकडे फोन करणाऱ्या शेजारीणबाईंच्या कुरडया वाळत होत्या. त्यांत काचा उडाल्या होत्या. गोळीबार नाही हे कळताच बाईंची भीती गेली आणि तिची जागा रागाने घेतली.

आमच्या घरी दर उन्हाळ्यात वाळवण असतं, म्हणून मला एक गोष्ट लगेच खटकली. दारू लपवणारा माणूस ती माळ्यावर ठेवतो, पलंगाखाली ठेवतो. फडकं झाकून उन्हात कुणी ठेवत नाही.

तेवढ्यात घरमालकीण वर आल्या. साठीच्या बाई, मूळ पिशोरकडच्या, घरात त्या आणि मुलगा दोघंच. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगून टाकलं, “म्या ठेवल्यात त्या. जवाचं सरबत हाय. मुरायला ऊन नको का? गुलकंद कुठं ठेवता तुमी?”

“सरबत बंदुकीवानी वाजतं व्हय, मावशी?” शेजारीणबाई कठड्यावरून म्हणाल्या.

मुलगा आईच्या मागे उभा होता. वय पंचविशीचं. त्याला मी ओळखलं. सरकारी खात्यात अभियंता म्हणून त्याची निवड झाली होती आणि त्याच्या चारित्र्य पडताळणीचे कागद त्या आठवड्यात माझ्याच टेबलावर होते. दोनदा तो ठाण्यात येऊन चौकशी करून गेला होता.

खाली स्वयंपाकघरात नळ बसवलेली प्लास्टिकची बादली सापडली, काकवीसारख्या पाकाचा रिकामा डबा आणि यीस्टची फाडलेली पुडी. हा घरी बिअर करायचा संच होता. असे संच ऑनलाइन मिळतात. आपल्याकडे वाळूजच्या कारखान्यांतून बिअरचे ट्रक भरून जातात, त्यामुळे घरी पाच लिटर केली तर काय बिघडलं, असं पोरांना वाटतं. पण स्वतःपुरती केली तरी विनापरवाना दारू बनवणं आपल्या राज्यात गुन्हा आहे.

आणखी बाटली आहे का, असं मी मुलाच्या आईला विचारलं. “हाय की. एक गच्चीवरून आणून फ्रिजमदी ठेवलीय, पाव्हणे आले तर.” म्हणजे एकूण आठ. पाच फुटलेल्या, तीन अखंड.

मी मुलाला बाजूला घेऊन दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो म्हणाला, मला माहीत नाही, आई काही ना काही करत असते. मग मी बाईंना स्पष्ट सांगितलं की तुमचा जबाब असाच राहिला तर आरोपी म्हणून तुमचं नाव लिहावं लागेल. “लिहा की,” त्या म्हणाल्या, “सरबताला काय भ्यायचं?” मुलगा हे ऐकत शेजारीच उभा होता.

गल्लीतले दोन पंच बोलावून पडवीत पंचनामा सुरू केला. नमुन्याच्या बाटलीला दोरा गुंडाळून वर लाखेची मोहोर करायची असते. हवालदारांनी लाख वितळवायला मेणबत्ती पेटवली. गच्चीवरची बाटली अजून गरम होती. टेबल डुगडुगत होतं, म्हणून बाईंनी ती आपणहून दोन्ही हातांनी धरली. ज्योत टोपणाजवळ आली आणि बाईंचा चेहरा त्यापासून वीतभर लांब.

“आई, सोड ती. हवालदारसाहेब, मेणबत्ती लांब न्या. आत गॅस धरलाय, फुटेल.”

हवालदारांनी मेणबत्ती विझवली. बाई बाटली धरूनच राहिल्या. “तुला रे काय ठाऊक?”

त्याने बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली, टॉवेलात गुंडाळली आणि अंगणात नेऊन ठेवली. परत येऊन म्हणाला, “सरबत नाही ते, आई. तुला मी खोटं सांगितलं होतं. बिअर आहे. मी केली.”

बाई खाली बसल्या. त्यांनी एवढंच विचारलं, “मंग मघाशी माझं नाव लिहू देत होतास व्हय?”

 आम्ही कागदात डोकं घातलं.

फ्रिजमधली थंड बाटली नमुना म्हणून सील केली. गुन्हा मुलावर दाखल झाला, संध्याकाळी जामीन झाला. पडताळणीच्या कागदावर मी जे घडलं तेच लिहिलं. त्यानेही खात्याला काही लपवलं नाही. ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला गेली. तो आता वाळूजला खाजगी कंपनीत आहे.

मी चौकशीत त्याला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा त्याने नोकरी वाचवली. तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून संशयिताला प्रश्न विचारताना त्याच्या घरच्या माणसाला मी खोलीतून बाहेर पाठवत नसे. खरं बोलायचं कारण पुष्कळदा तिथेच बसलेलं असतं.

न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. शेजारीणबाईंच्या कुरडयांचेही पैसे तो द्यायला निघाला होता, पण आईने देऊ दिले नाहीत. पुढचं मला शेजारीणबाईंनीच नंतर सांगितलं. आईने गहू भिजत घातले, चीक शिजवला आणि सोऱ्या मुलाच्या हातात दिला. भर उन्हात गच्चीवर सगळ्या कुरडया त्यानेच घातल्या. वाळल्यावर डबा भरून शेजारी द्यायलाही आईने त्यालाच पाठवलं.