अक्काचा भारा

अक्का माझ्या काळीपिवळीत बसली की रस्त्याकडे कधी बघायची नाही. ड्रायव्हरच्या मागचीच जागा तिला लागायची, आणि उतरेपर्यंत तिची नजर माझ्या हातांवर असायची. एकदा मी कान खाजवायला हात काढला, तर मागून आवाज आला, "हात कोठे चालना?" बाकीचे प्रवासी हसले. मला हसू आलं नाही.

अक्का म्हणजे शेवंताची थोरली बहीण. आणि शेवंता ज्या गाडीखाली गेली, तिच्यात मी बसलेलो होतो. ती गाडी आपली आपण चालायची. धुळ्याच्या एका कंपनीने चोपड्याच्या रस्त्यावर तिची चाचणी लावली होती. माझं काम एवढंच, की स्टिअरिंगमागे बसायचं आणि गाडी चुकली तर ब्रेक दाबायचा. त्या दुपारी शेवंता शेतातून पऱ्हाटीचा भारा घेऊन येत होती. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा असा भारा डोक्यावर असला की समोरून बाई दिसत नाही, झुडूप चालत आल्यासारखं वाटतं. गाडी थांबली नाही. मी मान खाली घालून कंपनीच्या टॅबलेटवर नोंद करत होतो.

कंपनीने अहवालात लिहिलं, रस्त्यात अनपेक्षित अडथळा आला आणि ड्रायव्हर बेसावध होता. माझी नोकरी गेली, आणि मी काळीपिवळी चालवायला लागलो. शेवंताचे दिवस झाल्यावर मी अक्काकडे माफी मागायला गेलो. अक्काने चहा दिला, मी तो संपवेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "तुले मी माफ नही करस. पण तुले जे माहीत शे, ते बठ्ठं बोलनं पडी."

मला माहीत होतं. त्याआधी दोनदा तीच गाडी चारा वाहणाऱ्या बायकांसमोर थांबली नव्हती. दोन्ही वेळा मी ब्रेक दाबला होता, कंपनीच्या साहेबांना कळवलंही होतं. 'बघू' असं उत्तर आलं होतं.

त्या साहेबाचं नाव अक्काने कधी घेतलं नाही. ती त्याला 'अडथळावाला' म्हणायची. गाड्या कायमच्या चालवायला परवानगी हवी म्हणून त्याने जळगावला मैदानावर प्रात्यक्षिक ठेवलं, तेव्हा अक्काने माझ्या गाडीच्या टपावर पऱ्हाटीचा भारा बांधला आणि पुढे बोट दाखवलं. चल.

मैदानावर प्लास्टिकच्या बाहुल्यांसमोर गाडी झकास थांबत होती. लोक टाळ्या वाजवत होते. मी उभा राहिलो आणि त्या दोन वेळांचं सगळं सांगितलं. साहेब म्हणाला, "हा कामावरून काढलेला माणूस आहे." तेवढ्यात अक्काने भारा त्याच्या पायाशी टाकला.

"साहेब, हाऊ डोकावर ल्या. आनि गाडीमोरे चाला."

साहेब हसला. "सुरक्षेच्या कारणास्तव तसं करता येत नाही, अक्का."

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने चष्मा काढून त्याच्याकडे बघितलं आणि भारा एका बाहुलीवर बांधायला सांगितला. गाडी आली. वेग कमीसुद्धा झाला नाही. बाहुलीचं डोकं घरंगळत खुर्च्यांपर्यंत गेलं. अक्का साहेबाजवळ जाऊन म्हणाली, "आते लिखा. अडथळा व्हता." त्या दिवशी ती हसली. तिला हसताना मी तेवढंच एकदा पाहिलं, आणि ते हसू बघवत नव्हतं.

परवानगी नाकारली. साहेबाला कंपनीने घरी बसवलं. अक्का येताना वाटेत पेढे घेऊन आली.

वर्षभराने त्याच कंपनीने धुळ्यात पुन्हा अर्ज केला. अक्काने पुन्हा भारा बांधला. या वेळी गाडी बाहुलीपासून लांबच थांबली. भारा उलटा बांधला, आडवा बांधला, तरी थांबली. अधिकारी अक्काला म्हणाला, "तुमच्यामुळे हे झालं." परतताना पारोळं आलं. तेव्हा ती म्हणाली, "आते दिसनी तिले. मनी बहीण मरनी, तव्हय दिसनी."

त्यानंतरही ती माझ्याच गाडीने जायची. दुसऱ्या गाड्या होत्या.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. शेवंताचा थोरला मुलगा निरोप घेऊन आला, पण दारातच घुटमळला. मावशीने शेवटी काय सांगितलं ते त्याच्या तोंडून निघेना. मी विचारलं तेव्हा खाली बघून म्हणाला, "मनी तिरडीले त्या ड्रायव्हरना खांदा लागाले नको, असं सांगी गयी."

मी गावात गेलो. चपला काढून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभा राहिलो. चौघांनी तिला उचललं, माझ्यासमोरून नेलं. मी जागचा हललो नाही. तिला तसंच हवं होतं.