चाकाला लावलेलं रक्त

सिंहिणीच्या जबड्यातून वाचलेला आमचा सुखदेव आज सकाळी साध्या खोकल्यानं गेला.

आधी सगळ्यांची विचारपूस करतो, मग सांगायचं ते सांगतो.

वहिनी, काल दवाखान्यात सुखदेवच्या उशाशी तुमचं बीपी वाढलं होतं. गोळी घेतली का? उपाशीपोटी घेऊ नका.

नंदाताई, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. जिना चढता येतो का? आज यायचा हट्ट करू नका.

युनूसभाई, डोळे कसे आहेत? वाचता येत नसेल तर सूनबाईकडून वाचून घ्या. पण शेवटपर्यंत वाचा. हे तुमच्यासाठीच लिहितोय.

ग्रुपवरच्या बाकीच्यांसाठी सांगतो. नव्वदच्या दशकात देवळाली प्रवराच्या पुढं, उसाच्या पट्ट्यात एक पार्क निघालं होतं. पाळणे, घसरगुंड्या आणि 'आफ्रिकन सफारी'.

सफारी म्हणजे उसाची ट्रॉली. तिला मी वेल्डिंग करून जाळी मारली, बाकडी बसवली, मागं दार केलं. ट्रॅक्टरच्या सीटभोवतीही पिंजरा केला.

दोन शहामृग, एक झेब्रा आणि बंद पडलेल्या सर्कशीतून आणलेली सिंहीण, ज्यूली.

युनूसभाई तिच्याबरोबरच आले. तिला सांभाळायचे. सुखदेव ट्रॅक्टर चालवायचा. नंदाताई ट्रॉलीत बसून माईकवर माहिती सांगायच्या.

ज्यूली दिवसभर लिंबाखाली पडून. लोक म्हणायचे, "ही काय जिती न्हाई, भुसा भरलाय."

त्या दसऱ्याला सुखदेव सकाळी विहारात वंदनेला गेला. त्यांचा तो धम्मदीक्षेचा दिवस.

आदल्या दिवशी मला बजावून गेला होता, "माझ्या ट्रॅक्टरला झेंडूचा हार घाल, तेवढं बास. कोंबडं-बिंबडं कापू नको. मला ते चालत न्हाई."

"व्हय रे बाबा," मी म्हणालो.

पण माझा जीव राहीना. रोज जनावराच्या तोंडापुढनं गाडी न्यायची आणि दसऱ्याला चाक कोरडं? माझ्या बापानं असं कधी होऊ दिलं नव्हतं.

तो यायच्या आत मी कोंबडं कापलं.

मुंडकं तुटल्यावर ते फडफडत ट्रॅक्टरखाली गेलं. पाय धरून ओढलं आणि मागच्या डाव्या चाकावर, सीटच्या बरोबर खाली, रक्ताची धार सोडली. त्याला दिसू नये म्हणून वर हार टाकला.

त्याच्या भल्यासाठीच केलं.

सुखदेव पांढराशुभ्र शर्ट घालून आला आणि थेट सीटवर बसला. ट्रॉलीत तिसगावकडची पंचवीस-तीस बायामाणसं. मी फाटकावर.

ज्यूली उठली. नाक वर केलं.

कधी नव्हे ती पळत आली आणि चाक चाटायला लागली.

ट्रॉलीत टाळ्या पडल्या.

मग तिनं हार फाडला आणि टायरला दात घातले. तिथून वळून ट्रॉलीच्या जाळीवर दोन पायांवर उभी राहिली.

सगळी माणसं मागं रेटली गेली आणि मी केलेलं दार कडीसकट निखळलं. एक बाई अर्धी बाहेर लोंबली. नंदाताईंनी तिचं लुगडं धरून ठेवलं.

ज्यूली त्या दाराकडं वळली.

सुखदेवनं पिंजऱ्यावर पाना आपटला. ती बघेना. गाडी हलवावी तर बाई खाली पडते.

तेव्हा त्यानं डावा हात फटीतून खांद्यापर्यंत बाहेर काढला.

"ए ज्यूले. हिकडं बघ. हिकडं ये."

ती आली.

हाड मोडल्याचा आवाज फाटकापर्यंत आला. कोवळा ऊस मोडावा तसा.

ती त्या हाताला लोंबकळून मान झटकत होती. प्रत्येक झटक्याला त्याचं तोंड जाळीवर आपटत होतं. आणि तो ओरडत काय होता? "दार धरा. आधी दार धरा."

नंदाताईंनी बाईला आत ओढलं, दार धरलं.

युनूसभाई एक पहार घेऊन एकटे आत पळाले. रडत रडत तिच्या नाकावर घाव घातले. तिनं सोडलं, पण कोपराखालचा हात तिच्याच तोंडात राहिला.

मालकाच्या माणसानं दोन गोळ्या घातल्या. ज्यूली त्या हातावरच पडली.

मग लोक युनूसभाईंवर तुटून पडले. "जनावर उपाशी ठेवलं ह्यानं."

"सकाळीच खिलवलं हो, पोटभर खिलवलं," युनूसभाई म्हणत राहिले. दात पडले तरी तेच म्हणत होते.

मी बघत उभा होतो. माझ्या नखांत अजून कोंबड्याचं रक्त होतं.

संध्याकाळी नगरच्या दवाखान्यात सुखदेव शुद्धीवर आला. मला जवळ बोलावलं.

"चाक धुतलं का?"

हार फाटल्यावर चाकावरचं रक्त त्यानं सीटवरून पाहिलं होतं.

"धुऊन टाक. कुनी बघायच्या आत. आनि युनूसला तू सांग. तुझ्या तोंडानं."

चाक त्याच रात्री धुतलं. सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकानं युनूसभाईंना हाकलून दिलं, तरीही नाही.

त्यानंतर दर दसऱ्याला सुखदेव वंदना करून माझ्या वेल्डिंगच्या दुकानात यायचा. डावी बाही दुमडून पिन लावलेली. दुपारपर्यंत बसायचा.

"राखन बसलोय. तुझा काय भरवसा न्हाई, कापशील पुन्हा कोंबडं."

हसायचो दोघं. उठताना तो दरवर्षी विचारायचा, "सांगितलं का युनूसला?"

"सांगतो."

परवा हॉस्पिटलात ऑक्सिजनची नळी बाजूला करून त्यानं पुन्हा तेच विचारलं.

मी म्हणालो, "व्हय. सांगितलं."

"मग बरं झालं," म्हणाला, आणि निवांत झोपला.

मरत्या माणसाशी खोटं बोललो मी.

युनूसभाई, ज्यूली उपाशी नव्हती. तुमचा काही दोष नव्हता. रक्त मी लावलं होतं.

सुखदेव, तुझ्या त्या नसलेल्या हाताला माझा नमस्कार. जा आता.

चार वाजता त्याला न्यायचंय. युनूसभाई, शिव्या लिहा, हवं ते लिहा, पण दोन शब्द लिहा. त्याला उचलायच्या आत मला त्याच्या कानात खरंखुरं म्हणायचंय, "सांगितलं युनूसला."

लवकर लिहा.