गाडीनं सेल्फ घेतला नाही ती सकाळ

गाडीला काही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. बिघाड ह्यांच्यात होता. डोक्यात कुठंतरी रक्ताची गाठ अडकली होती आणि शरीराची डावी बाजू विझत चालली होती. आणि मी, एकसष्ट वर्षांची अर्धवट पोरगी, बोनेट उघडून बॅटरीत डोकं घालून उभी होते.

त्या बाईचं मला आज लई हसू येतं. म्हणजे हसूच येऊ देते, दुसरं काही येऊ देत नाही.

तिचा तोरा कळायचा तर मागचं थोडं सांगायला हवं. हे ड्रायव्हर. आधी दुसऱ्याच्या जीपवर, मग स्वतःच्या. अक्कलकोटला माणसं न्यायची आणि आणायची, हा धंदा. लग्न होऊन मी शुक्रवार पेठेत आले तेव्हा मला सायकलही येत नव्हती. पण ती जीप रोज सकाळी दारात रुसायची. हे आत बसून चावी फिरवायचे आणि मला बोनेटपाशी उभं करायचे.

"ऐक. काय म्हणती?"

नुसतं टक् करून गप्प बसली तर बॅटरी उतरली. घर्रघर्र फिरते पण पेटत नाही, तर डिझेल पोचत नाही. टक्‌सुद्धा नाही, अगदी मुकी, तर कुठंतरी वायर सुटली. वर्षानुवर्षं ऐकून माझा कान असा तयार झाला की गल्लीत कुणाची गाडी अडली की मी तवा उतरवून बाहेर. बाप्यांना बाजूला सारायचं, कान द्यायचा आणि म्हणायचं, "सेल्फ गेलाय." ते बरोबर निघालं की आठवडाभर माझी मान ताठ. मेकॅनिकलाही अक्कल शिकवायला मी कमी केलं नाही.

एक मात्र होतं. मी शिकले ते सगळं गाडीच्या बाहेर उभं राहून. ह्यांच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, हा घरचा नियम. चपला काढून सीटखाली सारायच्या, स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावायचा, मग चावी. "आपल्या भाकरीची जागा हाय ती," म्हणायचे. मुलानं लहानपणी एकदा वर चढून हॉर्न वाजवला, तर पाठ लाल झाली त्याची. पुढं जीप गेली, धंदा थांबला, घरापुरती एक वापरलेली पण बऱ्यापैकी नवी गाडी घेतली. नियम तोच राहिला. आणि ह्यांच्यापेक्षा जास्त तो मी पाळायला लावायची.

त्या दिवशी माझ्या धाकट्या बहिणीच्या नातवाचं बारसं होतं, अक्कलकोटला. सकाळी नऊला निघायचं. ह्यांनी दाढी केली ती उजव्या गालाची. डाव्या कानाखाली फेस तसाच.

"अहो, उरलेली दाढी काय अक्कलकोटात करणार?"

"झाली की सगळी," म्हणाले.

मी पदरानं फेस पुसला आणि हसले.

हे गाडीत बसले. उजवी चप्पल काढून सीटखाली सारली, डावी पायातच. "आज अर्धाच नेम का?" हा विनोद मी मागं डबे घेऊन बसलेल्या सुनेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं केला. तीही हसली. मग ह्यांनी चावी फिरवली.

काहीच नाही. टक् नाही, घर्र नाही. अगदी मुकी.

खरं सांगू? मला आनंद झाला. सुनेसमोर हुशारी दाखवायची संधी चालून आली होती. तिनं नुकताच ड्रायव्हिंगचा क्लास संपवला होता आणि घरात तिचं फार कौतुक चाललेलं. मी पदर खोचला.

"हॉर्न वाजवा." वाजला.

"लाइट लावा." लागले.

म्हणजे बॅटरीत जीव होता. पण बोनेट उघडलं तर बॅटरीच्या एका टर्मिनलवर पांढरा खार धरलेला. झालं. मी घरात गेले, पातेलंभर पाणी उकळलं, त्यात खायचा सोडा टाकला आणि ते त्याच्यावर ओतलं. खार फसफसून विरघळला. फडक्यानं पुसून मी तोंड वर केलं, "मारा सेल्फ!"

मुकी.

सून म्हणाली, "आई, मी एकदा पुढं बसून बघू का?"

"तू डबे सांभाळ."

"नाही, पण या गाड्यांना क्लच पूर्ण दाबल्याशिवाय..."

"अगं, क्लच दाबण्यात जन्म गेला त्यांचा. अहो, क्लच दाबलाय ना?"

"दाबलाय की," हे म्हणाले.

जीभ जरा जड वाटली. मला वाटलं, वैतागलेत. आणि खोटं बोलत नव्हते ते. त्यांच्या लेखी क्लच दाबलेलाच होता. मी दोन पावलं टाकून काचेतून आत वाकले असते तर दिसलं असतं. डावा पाय पेडलच्या बाजूला पडला होता, कुणी तिथं ठेवून गेल्यासारखा. पण जुन्या जीपला क्लच न दाबताही सेल्फ लागायचा. माझ्या तपासात क्लच नव्हताच.

वायरी झाल्या. फ्यूज झाले. समोरचे शेजारी, चादरींच्या कारखान्यावर निघालेले, थांबले. "वहिनी, मेकॅनिकला फोन लावू का?"

"मेकॅनिक मीच हाय की," मी म्हणाले. ते हसले. हेही हसले. निम्मंच हसले. निम्म्याच तोंडानं. मी ते पाहिलं, आणि पुन्हा वायरी चाचपायला लागले.

किती वेळ गेला म्हणून विचाराल तर सून चाळीस मिनिटं सांगते. मी कधी तिच्याशी वाद घातला नाही.

शेवटी ती न विचारताच उतरली, पुढचं दार उघडून म्हणाली, "बाबा, जरा खाली उतरा."

उजवा पाय खाली आला. डावा आला नाही. ते तसेच तिच्या अंगावर कलले. शेजारी धावले. आणि मी काय म्हणाले असेन? "अहो, नीट उतरा की, लोक बघायलेत."

सून ओरडली, "आई, त्यांचं तोंड बघा!"

मग बघितलं.

दोघांनी ह्यांना मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. डबे रस्त्यातच राहिले. सून ह्यांच्या त्या सीटवर बसली, चपलांसकट. सीट पुढं ओढली, डाव्या पायानं क्लच तळापर्यंत दाबला, चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. इंजिनाचे किती आवाज ऐकलेत मी. इतका स्वच्छ, इतका निरोगी आवाज मला तेव्हाच काय, आजही ऐकवत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मलाच. "शेवटचे पूर्ण ठीक कधी होते?"

मी म्हणाले, हे गाडीत बसले तेव्हा. सून म्हणाली, नाही, दाढीच्या वेळीच बिघडलं होतं. त्याआधी? सहाला चहा घेतला होता. कोणत्या हातानं? कप मी टेबलावर ठेवला होता आणि साडीच्या निऱ्या घालत बसले होते. त्याआधी? झोपेत.

"म्हणजे नक्की वेळ सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण कधी सुरू झालं हे ठाऊक नसलं तर देणं धोक्याचं, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसत्या आवाजावरून जीपचा दुखरा भाग सांगणारी बाई, एका छताखाली एवढी वर्षं राहून नवऱ्याचं कधी बिनसलं ते सांगू शकली नाही.

डावी बाजू परत आली नाही. दोन वर्षं खिडकीपाशी पलंगावर काढली त्यांनी. बोलणं बरंच सुधारलं, पण पाय गेलाय हे काही मान्य करायचे नाहीत. जेवताना ताटाच्या डावीकडची भाजी तशीच राहायची, मग मी ताट फिरवून द्यायची. खाली सून गाडी चालू करायची तेव्हा कान टवकारायचे. "बेल्ट वाजतोय, सांग तिला." वाजत असायचाही.

जायच्या थोडे दिवस आधी एका दुपारी त्यांनी विचारलं, "त्या दिवशी गाडीला काय झालतं गं?"

सून दारात पेजेची वाटी घेऊन उभी होती.

"टर्मिनल," मी म्हणाले. "खार धरला होता."

"मला वाटलंच." मग म्हणाले, "तू काढलंस व्हय शोधून?"

"व्हय की. मीच."

"शाबास," म्हणाले.

सुनेनं वाटी माझ्या हातात दिली आणि खाली गेली. मी चमचा भरला आणि तोंडाच्या उजव्या बाजूनं पेज घालायला लागले.