तुकड्यातुकड्यांची कमाई

लोकरमावशी तान्ह्या मुलांचे मोजे विणायची. गिऱ्हाइकं परदेशातली, पैसे यायचे बिटकॉइनमध्ये. आधी ते एका कंपनीकडे ठेवायला दिले होते. ती एका रात्रीत कुलूप लावून पसार झाली. दुधानं तोंड पोळल्यावर मावशी ताकही फुंकून पिऊ लागली. मग मोबाइल दुरुस्त करणाऱ्या भाचीनं मावशीच्या फोनवरच बिटकॉइन ठेवायला तिचं स्वतःचं पाकीट उघडून दिलं. त्याची किल्ली म्हणजे बारा शब्द, तेही फक्त मावशीला पाठ. मध्ये कंपनी नाही, कुणाची मेहरबानी नाही.

प्रत्येक जोडीचे पैसे ती त्याच दिवशी मागून घ्यायची. उधारीचं नाव नको. थेंबे थेंबे तळे साचे, असं काही वर्षं चाललं. तळं कशासाठी, तर नवऱ्याच्या कानांसाठी. ऐकू येईनासं झालं तसा तो बोलायचाही थांबला होता, आणि घरात दोन माणसं असून मावशी एकटी पडली होती. दोन्ही कानांच्या यंत्रांपुरतं जमलं तशी ती बिटकॉइन विकून रुपये करून घ्यायला भाचीकडे गेली.

भाचीनं फोन बघून कपाळाला हात लावला. "मावशी, घेणाऱ्याला पाठवायची फीच निम्मे पैसे खातेय गं."

"एवढी? एकदाच तर पाठवायचेत."

"फी रकमेवर नसते. तुझे जोडीजोडीला आलेले शेकडो बारीक तुकडे आहेत, ते सुटेच राहतात. जितके तुकडे तितकी बिटकॉइनच्या हिशेबवहीत जागा लागते, आणि भाडं जागेचं. त्यात सध्या पाठवणाऱ्यांची गर्दी."

"म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

"गर्दी ओसरली की उतरेल. थांबतेस?"

मावशी थांबली. रोज सुया हातात घेण्याआधी फी बघायची. जरा उतरायची, पुन्हा चढायची. दुसऱ्या कंपनीकडे सोपवावं म्हटलं, तर तिथवर न्यायलाही तेच भाडं. राग कुणावर काढावा हेही तिला कळेना. कुणी लुबाडलं नव्हतं. पैसे तिचेच होते, पुरते तिचे, आणि ती थकली होती.

एका सकाळी ती न्हाणीघरात घसरली. हाका मारून मारून घसा बसला. नवरा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होता. दुपारी लंगडत जाऊन तिनं भाचीला सांगितलं, "पाठव. जातील ते जाऊ देत."

यंत्रवाल्यानं नवऱ्याचे कान तपासले. "दोन्ही सारखेच गेलेत. पण एवढ्या पैशांत एकच यंत्र येईल. कुठल्या कानाला बसवू?"

"डाव्या," मावशी म्हणाली. "मी डावीकडे झोपते."