पार्किंगमधला ओरखडा

किळस मला सहजासहजी येत नाही. विरारच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी गेली अठरा वर्षं काम करते. लोकांची लघवी, शौच, थुंकी हेच माझं रोजचं. डबी उघडताना नाक मुरडणाऱ्या नव्या मुलींना मी सांगते, बाई, हे माणसाच्या आतून आलंय, त्यात त्याचा काय दोष? पण आमच्या बोळिंजच्या सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या माणसाच्या हातातलं फडकं एका सकाळी जवळून पाहिलं आणि माझ्या घशाशी आलं.

ते फडकं कधीकाळी कुणाचा तरी टॉवेल असावं. आता त्याला रंग नव्हता, तेलकट चकाकी होती. अठ्ठावीस गाड्यांना मिळून एक बादली. दहाव्या गाडीपर्यंत तिच्यात पाणी उरत नसे, सार होई. फडकं खाली पडलं की तो ते उचलायचा, मांडीवर एकदा झटकायचा आणि तसंच बॉनेटवर गोल गोल फिरवायचा. आमच्याकडे चारी बाजूंनी इमारती उठतायत, रेती सिमेंट उडत असतं, वर अर्नाळ्याकडून खारा वारा. गाडीवर रात्रभर जे साचतं ते धुवायचं असतं, घासायचं नसतं. हा माणूस रोज सकाळी अठ्ठावीस गाड्यांना पॉलिश पेपर मारत होता म्हणा ना.

आमची गाडी काळी. नवऱ्याची हौस. दोन वर्षांत उन्हात उभी केली की तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसायला लागले. नवरा म्हणाला, कोण बघतंय? मी बघत होते. मला दिवसभर सूक्ष्मदर्शकात बघायची सवय, एकदा दिसलेलं मला न दिसल्यासारखं करता येत नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांकडून एकदा पॉलिश करून आणलं, तर त्यांनी नुसतं मेण भरून दिलं. दोन धुण्यांत जाळी परत वर. मग मी चिडून ऑनलाइन पॉलिशरच मागवला.

सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, मिक्सर घ्यायचा सोडून हे काय आणलंस. सोसायटीतल्या बायका तेच म्हणाल्या, फक्त माझ्या पाठीमागे. पहिले दोन महिने मी भंगारवाल्याकडून आणलेल्या एका जुन्या बॉनेटवर हात बसवला आणि त्यावरचा रंग तीन ठिकाणी जाळला. मशीन एका जागी रेंगाळलं की रंग तापतो, हे तिथेच कळलं. मग आमच्या गाडीला हात लावला. आधी स्वच्छ धुवायची, मग मातीची वडी फिरवून रंगात रुतलेले कण उचलायचे, रबराच्या कडा टेपने झाकायच्या. पॅडवर चार थेंब कंपाउंड, आणि मशीन आडवं, मग उभं, चालत्या मुंगीच्या वेगाने. पुसायचं, टॉर्च तिरका धरायचा, बघायचं. पुन्हा. एका दरवाज्याला एक रविवार जायचा. गाडी झाली तेव्हा तिच्यात वरची ट्यूबलाइट सरळ रेघेत दिसली. नवरा दोनदा गाडीभोवती फिरला.

त्यानंतर लोक येऊ लागले. वहिनी, आमच्या डिकीचं बघता का? मॅडम, हे एवढं निघेल का? मलाही शिंगं फुटली. वार्षिक सभेत गाड्या पुसण्याचा विषय निघाला तेव्हा मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तो माणूस गाड्या पुसत नाही, ओरबाडतो. ते फडकं एकदा जाऊन बघा." लोक हसले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तो त्या वेळी मागे जिन्याजवळ उभा होता हे मला बसल्यावर दिसलं.

ओरखडे सापडायला लागले ते त्यानंतर महिन्याभराने. जाळ्यासारखे नाहीत, लांब, हातभर. पहिला खजिनदारांच्या गाडीला, दुसरा कमिटीतल्या एकाच्या, तिसरा थेट चेअरमनच्या नव्या गर्द निळ्या गाडीला, मागच्या दरवाज्यापासून पुढच्यापर्यंत. कॅमेरा त्या कोपऱ्यात पोचत नव्हता. पण कॅमेऱ्याची गरज कुणाला होती? मॅडमनी भर सभेत सांगितलं होतं ना, तो ओरबाडतो म्हणून. आता सूड उगवतोय. दुसऱ्याच दिवशी वॉचमनने त्याला गेटवर अडवलं. चौकशी होईपर्यंत आत यायचं नाही. वॉचमन लोकांचा आपसात व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. आठवड्यात शेजारच्या दोन सोसायट्यांनीही त्याला बंद केलं.

चेअरमन गाडी घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मॅडम, निघतं का बघा, आणि पुढच्या रविवारच्या मीटिंगला जरा तुमचा रिपोर्ट पण द्या. कशाने झालंय ते तुम्ही सांगितलंत की विषय संपला."

मी टॉर्च लावला. फडक्याने असं होत नाही, हे पहिल्याच नजरेत कळलं. बादलीच्या कडीनेही नाही. ओरखडा जिन्याच्या बाजूला खोल सुरू झाला होता आणि गेटच्या दिशेने हलका होत गेला होता. म्हणजे कुणीतरी जिन्यातून उतरून बाहेर चालत जाताना मारलेला. आणि तो एक नव्हता, दोन होते, अगदी शेजारी शेजारी, मध्ये अर्धं बोट जागा सोडून. नख फिरवलं तर फक्त सुरुवातीला अडकत होतं. बाकीचं निघण्यासारखं होतं. मी मशीन चालवलं, दोन हात मारले आणि पांढऱ्या फडक्याने पुसलं.

फडक्यावर करडा काळपट डाग आला. तो यायला नको होता. गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, पॉलिश करताना तोच निघतो, फडक्यावर रंग उतरत नाही. हा करडेपणा गाडीचा नव्हताच, ज्याने ओरबाडलं त्या वस्तूचा होता. मी फडकं हातात धरून उभी राहिले. तो करडा रंग माझ्या ओळखीचा होता. आमच्या हॉलच्या पांढऱ्या लाद्यांवर त्याच रंगाच्या रेघा असतात आणि दर रविवारी मी गुडघ्यावर बसून त्या घासून काढते. सासऱ्यांच्या अॅल्युमिनियमच्या काठीच्या. तिच्या टोकाचं रबर कधीच पडलंय, नवऱ्याला आणायला सांगून माझं तोंड दुखलं. उघडी पोकळ नळी तिरपी ओढली की दोन रेघा उठतात, शेजारी शेजारी.

मी वर गेले. सासरे चहा बशीत ओतून पीत होते. वसईच्या खाडीकाठचं हे शेतकरी घराणं, मी साताऱ्याकडची. वीस वर्षांत मी त्यांना कधी उलटून बोलले नव्हते. मी म्हणाले, "बाबा, चेअरमनच्या गाडीला काठी तुम्ही मारलीत."

त्यांनी बशी संपवली. मग विचारलं, "कोनी बघितलं?"

नाही म्हणाले नाहीत. कोनी बघितलं, एवढंच.

"मी बघितलं," मी म्हणाले. "का केलंत?"

"बारा वर्सं मी या सोसायटीचं पानी सांभाळलं. टँकरवाल्यांशी भांडलो. आनि ही कालची पोरं मला इलेक्शनला पाडतात, वर बोलतात, आजोबा, आता आराम करा." त्यांचा आवाज चढला नव्हता. हिशेब शांत होता. आपल्याला मत न देणारे कोण, हे त्यांनी काढलं होतं आणि एकेकाची गाडी गाठली होती.

"आणि तो पुसणारा? त्याची तीन ठिकाणची कामं गेली."

"तो जाईल दुसरीकडे. त्याला काय." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तो ओरबाडतो असं मी नाय बोललो. तू बोललेली."

मला वाटलं, मी इथेच ओकेन. रोज सकाळी देवापुढे अर्धा तास बसणारा माणूस. नातवंडांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारा. त्या दिवशी त्यांना भात वाढताना माझा हात आखडला. त्यांचं ताट, त्यांच्या उष्ट्या बोटांचा पेला, त्यांचं ते ढेकर देणं, काहीच सहन होईना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ. बाबांचं वय बघ. मिटेल आपोआप."

रविवारची मीटिंग कुणाच्या तरी लग्नामुळे एक आठवडा पुढे गेली आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हणजे कळल्या दिवसापासून दोन आठवडे मी गप्प होते. लॅबमध्ये कुणाचा रिपोर्ट तासभर उशिरा गेला तरी मी मुलींवर खेकसते. इथे एका माणसाचा रिपोर्ट मी चौदा दिवस दाबून ठेवला. त्यातल्या एका संध्याकाळी तो मला गेटबाहेर भेटला. हात बांधून उभा होता, बादली नव्हती म्हणून हातांना काही काम नसल्यासारखा.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही मशीन मारता, तुम्हाला ओरखडा कळतो. माझ्या फडक्याने असं होतं का, तेवढं फक्त सांगा ना त्यांना. बाकी काय बोलू नका."

मी म्हणाले, "बघते."

बघते! जे बघायचं ते मी केव्हाच बघून बसले होते. लिफ्टच्या आरशात मला स्वतःचं तोंड पाहावेना.

मीटिंग पार्किंगमध्येच होती, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सासरे पहिल्या रांगेत, काठी दोन गुडघ्यांमध्ये. नवऱ्याने सकाळपासून मला तीनदा विचारलं होतं, तू काय बोलणार आहेस. मी तीनदा सांगितलं होतं, माहीत नाही. चेअरमन म्हणाले, "हां मॅडम, रिपोर्ट." मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. दोन रेघा, करडा डाग, रबर नसलेली काठी. कुणाची, तेही सांगितलं.

आता आभाळ कोसळेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, लागली असेल काठी. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो." आणि सगळ्यांना एकदम सुटका झाल्यासारखं झालं. हो ना. वय झालं. माझ्या वडिलांचं पण असंच व्हायचं.

मी सासऱ्यांकडे पाहिलं. आदल्या दिवशी माझ्या सुईत दोरा ओवून दिलेला त्यांचा हात काठीच्या मुठीवर हळूहळू थरथरायला लागला होता. चेअरमन उठून त्यांच्यापाशी गेले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, वर सोडू का लिफ्टपर्यंत?" ज्याच्या गाडीला ओरखडा त्यानेच! पुसणाऱ्याला पोलिसात द्यायची भाषा याच तोंडाने केली होती.

"आणि त्या माणसाचं काय?" मी विचारलं. "त्याला परत बोलवायचं ना?"

"त्याचं काय आता," खजिनदार म्हणाले. "नवीन माणूस ठरलाय एक तारखेपासून. आणि वहिनी, फडक्याचं तुम्हीच बोलला होता. ते काय खोटं होतं का?"

खोटं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे चोर सापडल्यावरही सुळी तिथेच राहिली आणि तिचं लाकूड मी पुरवलेलं होतं. सभा पुढच्या विषयाकडे वळली, गच्चीच्या गळतीकडे. दुसऱ्या दिवशी चेअरमननी काठीसाठी नवं रबर पाठवलं. सासऱ्यांनी ते माझ्यासमोर बसवलं आणि दोनदा लादीवर आपटून पाहिलं.

तो मला महिन्याभराने दिसला. मी मासळी घ्यायला अर्नाळ्याला गेले होते आणि तो धक्क्याजवळ मासळीचा टेम्पो धूत होता, पाइप लावून. घोट्यापर्यंत खवल्यांचं पाणी. मी तोंड फिरवून निघणार होते, पण त्याने पाइप बंद केला आणि हात शर्टाला पुसत पुढे आला.

"ऐकलं मी, ताई," तो म्हणाला. "वॉचमन बोलला. तुम्ही सगळ्यांसमोर घरच्या माणसाचं नाव घेतलंत. आपल्यासाठी कोण घेतं असं?"

मी काहीतरी पुटपुटले. काम कसं आहे, विचारलं. तो म्हणाला, चाललंय, वास जात नाही अंगाचा, बाकी ठीक. मग सहज, अगदी सहज त्याने विचारलं, "तुम्हाला कधी कळलं ताई, आजोबांचं?"

मी म्हणाले, "मीटिंगच्या आदल्या दिवशी."

त्याचा चेहरा उजळला. "तरीच," तो म्हणाला. "मी बायकोला तेच सांगत होतो. ताईंना आधी कळलं असतं तर त्या एक दिवस पण थांबल्या नसत्या."